शाळेचे ग्रंथालय, वंशवादविरोधी पुस्तके आणि अर्जावरचा एक शब्द

ओसरी

नमस्कार. मी डॅलसच्या उत्तरेकडील एका उपनगरात अकरा वर्षांपासून राहते. माझी मुलगी यंदा नववीत आहे. मागच्या हिवाळ्यात आमच्या स्कूल डिस्ट्रिक्टच्या पुस्तक-पुनर्विचार समितीवर पालकांच्या बाजूने माझी निवड झाली. चार पालक, तीन शिक्षक आणि दोन ग्रंथपाल, अशी ही नऊ जणांची समिती होती. ज्या पुस्तकाविरुद्ध तक्रार आली असेल ते प्रत्येकाने पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायचे आणि ते ठेवावे, वरच्या इयत्तांपुरते ठेवावे की काढून टाकावे, यावर मत द्यायचे, एवढेच आमचे काम होते.

आमच्या वाट्याला आलेले पुस्तक होते ‘स्टॅम्प्ड’. इब्राम एक्स. केंडी यांनी वंशवादी कल्पनांचा जो मोठा इतिहास लिहिला, त्याचे जेसन रेनॉल्ड्स यांनी किशोरांसाठी २०२० मध्ये केलेले हे रूप आहे. अमेरिकन लायब्ररी असोसिएशन दर वर्षी सर्वाधिक आक्षेप आलेल्या पुस्तकांची यादी काढते, त्यात त्या वर्षी हे दुसऱ्या क्रमांकावर होते.

तक्रारीचा अर्ज दोन पानी होता. “आपण हे पुस्तक पूर्ण वाचले आहे का?” या प्रश्नापुढे “काही भाग” असे लिहिलेले होते. “कोणत्या पानांवर आक्षेप आहे?” यापुढे “संपूर्ण”. आणि “या पुस्तकाचा विद्यार्थ्यांवर काय परिणाम होईल असे आपणांस वाटते?” या प्रश्नासाठी सोडलेल्या सहा ओळींत, निळ्या शाईने, एकच शब्द होता: डिस्कम्फर्ट. म्हणजे अस्वस्थता.

हा शब्द त्या पालकांनी मनाने लिहिलेला नव्हता. सप्टेंबर २०२० मध्ये अध्यक्ष ट्रम्प यांनी सरकारी प्रशिक्षणांबाबत एक आदेश काढला होता. केवळ आपल्या वंशामुळे किंवा लिंगामुळे एखाद्याने अस्वस्थता, अपराधीपणा किंवा मनस्ताप अनुभवला पाहिजे, असे शिकवण्यास त्यात मनाई होती. पुढे बायडेन यांनी तो रद्द केला, परंतु त्यातली वाक्ये २०२१ पासून ओक्लाहोमा, टेनेसी, टेक्सास, फ्लोरिडा अशा राज्यांच्या कायद्यांत जवळपास तशीच उतरली. मूळ वाक्य नीट वाचले तर मनाई आहे ती “तू गोरा आहेस म्हणून तुला लाज वाटलीच पाहिजे” असे शिकवण्याला, आणि त्या मनाईला माझीही हरकत नाही. पण शाळेपर्यंत पोहोचेतो त्या वाक्याचा अर्थ “वाचून कोणाला अस्वस्थ वाटेल असे काहीही नको” असा होऊन बसतो. मुख्याध्यापक काही वकील नसतात. नोकरी सांभाळायची असेल तर पुस्तक कपाटाबाहेर काढणे त्यांना सोपे पडते.

आता पुस्तकात नेमके आहे तरी काय? केंडी यांचे मुख्य म्हणणे असे की माणसे आधी द्वेष करू लागली आणि मग त्यांनी इतरांना गुलाम केले, हा समज उलटा आहे. आधी फायदा होता, फायद्यासाठी व्यवस्था उभी राहिली आणि तिच्या समर्थनासाठी कल्पना रचल्या गेल्या. म्हणून पुस्तकाची सुरुवात झुरारा या पोर्तुगीज बखरकारापासून होते. राजपुत्र हेन्रीच्या आफ्रिकेतील गुलामव्यापाराला त्याने १४५३ च्या सुमारास आत्म्यांच्या उद्धाराचे रूप दिले. पुढे सगळ्या अमेरिकी इतिहासातली माणसे तीन गटांत बसवली आहेत: काळ्यांना वेगळे ठेवा म्हणणारे, त्यांनी आमच्यासारखे व्हावे म्हणणारे, आणि त्यांच्यात उणे काहीच नाही, नियम बदला म्हणणारे. या तिसऱ्या गटाला केंडी वंशवादविरोधी म्हणतात. “मी वंशवादी नाही” एवढे म्हणून कोणी या गटात येत नाही.

हे वाचताना मला आपल्या मराठी शब्दाचा विचार करावा लागला. आपण वर्तमानपत्रांतून ‘वर्णद्वेष’ वाचत मोठे झालो. त्या शब्दातच द्वेष आहे, म्हणजे गोष्ट मनातली ठरली. मग “माझ्या मनात कोणाविषयी वाईट नाही” एवढे म्हटले की आपण मोकळे. घर भाड्याने देताना, शाळेच्या हद्दी आखताना, कर्ज मंजूर करताना चालणारे नियम त्या शब्दाच्या पकडीत येतच नाहीत. केंडी बोलतात ते नेमके त्या नियमांविषयी.

समितीचा निकाल नंतर सांगेन. त्याआधी, विशेषतः इथे मुले वाढवणाऱ्यांचे मत मला ऐकायचे आहे.

नावात_काय

ओसरीताई, विषय नीट मांडलात. माझे मत मात्र वेगळे आहे आणि ते मी स्पष्टच लिहितो.

पहिली गोष्ट, ‘बंदी’ हा शब्दच मला पटत नाही. हे पुस्तक कोणत्याही दुकानात मिळते आणि ते विकल्याबद्दल कोणाला अटक होत नाही. शाळेच्या ग्रंथालयाला जागा मर्यादित असते. त्यात काय ठेवायचे याची निवड कोणीतरी करतेच, मग त्या निवडीत पालकांनी बोलले तर ती लगेच बंदी कशी होते? लेखनस्वातंत्र्यासाठी काम करणाऱ्या पेन अमेरिका या संस्थेने २०२३-२४ या शालेय वर्षासाठी पुस्तकबंदीच्या १०,०४६ घटना मोजल्या आणि तो आकडा सगळीकडे फिरला. त्यात चौकशी चालू असेपर्यंत तात्पुरती बाजूला ठेवलेली पुस्तकेही आहेत आणि पालकांच्या परवानगीने मिळणारीही आहेत. या सगळ्यांना एकाच मापाने मोजणे मला अप्रामाणिक वाटते.

दुसरी गोष्ट, केंडी यांच्या विचारावर आक्षेप घेणारे सगळे गोरे पुराणमतवादी नाहीत. जॉन मॅकव्हॉर्टर हे कृष्णवर्णीय भाषाशास्त्रज्ञ आहेत. या चळवळीने धर्माचे रूप घेतले आहे आणि तीत शंका विचारणे हेच पाप ठरते, अशी टीका त्यांनी सविस्तर केली आहे. भूतकाळातील भेदभावावर आजचा भेदभाव हाच उपाय आहे, असे केंडी यांनी आपल्या २०१९ च्या पुस्तकात लिहिले होते. हे वाक्य बारा वर्षांच्या मुलाला शिकवण्याआधी पालकाला विचारू नये का? माझ्या मुलाला शाळेतल्या एका कार्यशाळेत स्वतःला विशेषाधिकाराच्या पायऱ्यांवर उभे करायला सांगितले. भारतीय मुलाने कुठे उभे राहायचे हे तिथल्या प्रशिक्षकालाही सांगता आले नाही.

कोर्टकचेरी

नावात_काय, निवड आणि बंदी यांतला फरक हाच इथल्या न्यायालयांपुढचा जुना प्रश्न आहे.

१९७६ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील लाँग आयलंडच्या एका शाळामंडळाने काही पुस्तके ग्रंथालयातून काढली. आक्षेप घेतलेल्या पुस्तकांत रिचर्ड राइट यांचे ‘ब्लॅक बॉय’ होते. स्टीव्हन पिको हा विद्यार्थी न्यायालयात गेला आणि १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार असा त्याच्या बाजूने निकाल दिला. न्यायमूर्ती ब्रेनन यांनी रेष अशी आखली की पुस्तक शिक्षणाच्या दृष्टीने निरुपयोगी म्हणून काढता येईल, परंतु केवळ त्यातला विचार आवडत नाही म्हणून काढता येणार नाही. म्हणजे हेतू पाहायचा. अडचण एवढीच की त्या पाचांचे एका कारणावर एकमत नव्हते. त्यामुळे हा निकाल चाळीस वर्षे अर्धवट आधारावर उभा राहिला.

तो आधार आता टेक्सासमध्येच सुटला. २०२१ मध्ये लानो काउंटीच्या सार्वजनिक ग्रंथालयातून (शाळेच्या नव्हे, हे लक्षात घ्या) सतरा पुस्तके काढली गेली. त्यांत कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या हिंसक संघटनेचा किशोरांसाठी लिहिलेला इतिहास होता आणि इझाबेल विल्करसन यांचे ‘कास्ट’ होते. मार्च २०२३ मध्ये जिल्हा न्यायाधीशांनी पुस्तके परत ठेवण्याचा आदेश दिला, तेव्हा ग्रंथालयेच बंद करावीत का यावर काउंटीच्या आयुक्तांनी बैठक घेतली. शेवटी बंद केली नाहीत. मे २०२५ मध्ये पाचव्या सर्किटच्या, म्हणजे या भागातील संघीय अपील न्यायालयाच्या, पूर्ण पीठाने दहा विरुद्ध सात मतांनी सांगितले की ग्रंथालयातून पुस्तक काढण्याविरुद्ध वाचकाला माहिती मिळवण्याच्या घटनात्मक हक्काचा आधार घेता येणार नाही. डिसेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे प्रकरण ऐकण्यास नकार दिला. त्यामुळे टेक्सास, लुइझियाना आणि मिसिसिपी या तीन राज्यांत आज हाच कायदा आहे.

आपला भर लहान मुलांवर आहे, म्हणून आणखी एक उदाहरण देतो. एप्रिल २०२५ मध्ये ॲनापोलिसच्या नौदल अकादमीच्या ग्रंथालयातून ३८१ पुस्तके काढण्यात आली. त्यांत माया अँजेलो यांचे आत्मचरित्र होते. हिटलरचे आत्मचरित्र मात्र जागेवर राहिले. तिथले वाचक उद्याचे अधिकारी आहेत आणि कोणीही बारा वर्षांचे नाही. पुढच्या महिन्यात बहुतेक पुस्तके परत आली, तरी यादी करताना वयाचा विचार कोणी केला नव्हता हे उघड आहे.

जुनी_पानं

मी साताऱ्याकडील एका महाविद्यालयात तीस वर्षे ग्रंथपाल होतो, म्हणून या धाग्यावर थोडे अधिकाराने लिहितो.

ग्रंथालयातून पुस्तक काढण्याला आमच्याकडे निर्लेखन म्हणतात आणि ते नियमित करावेच लागते. पान फाटले, वाळवी लागली, माहिती कालबाह्य झाली, दहा वर्षांत कोणी नेले नाही, अशी कारणे असतात. दाखल नोंदवहीत त्या क्रमांकापुढे शेरा आणि तारीख पडते आणि समितीची सही होते. पुस्तकातले म्हणणे चुकीचे आहे म्हणून मी कधी निर्लेखन केले नाही. पण मी ते करू शकलो असतो आणि कोणाला कळलेही नसते, हेही प्रामाणिकपणे सांगतो. लानोच्या अधिकाऱ्यांनी बचावात नेमका हाच शब्द पुढे केला होता, असे वाचल्याचे आठवते.

ओसरीताईंनी वाचलेल्या इतिहासाला एक जोड देतो. वंशाविषयीच्या पुस्तकांची भीती अमेरिकेत कायद्याइतकीच जुनी आहे. साउथ कॅरोलायनात गुलामांना लिहायला शिकवण्यावर १७४० मध्येच बंदी आली. मेरीलँडमध्ये सॅम्युअल ग्रीन नावाचा एक मुक्त कृष्णवर्णीय धर्मोपदेशक होता. गुलामांना पळून जाण्यास मदत केल्याच्या संशयावरून १८५७ मध्ये त्याच्या घराची झडती झाली. झडतीत ‘अंकल टॉम्स केबिन’ या गुलामगिरीविरोधी कादंबरीची प्रत सापडली आणि ती बाळगल्याबद्दल त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. तो सुटला १८६२ मध्ये, तोही राज्य सोडून जाण्याच्या अटीवर. घरात एक कादंबरी सापडली म्हणून दहा वर्षे!

आणि दुसऱ्या टोकाला १९५९ ची अलाबामा. लहान मुलांच्या एका चित्रपुस्तकात पांढरा ससा आणि काळा ससा यांचे लग्न लागते. त्यावरून एका सिनेटरने गदारोळ केला. एमिली रीड या राज्याच्या ग्रंथालय सेवेच्या प्रमुख होत्या. त्यांनी पुस्तक नष्ट करण्यास नकार दिला, पण ते मागितल्यावरच मिळेल अशा राखीव कपाटात हलवले. मला या गोष्टीतले राखीव कपाट फार ओळखीचे वाटते. ग्रंथपालाचे धैर्य बहुधा तेवढेच असते.

यॉर्कवाला

मी पेन्सिल्व्हेनियात यॉर्कजवळ राहतो, म्हणून थोडक्यात लिहितो. इथल्या सेंट्रल यॉर्क डिस्ट्रिक्टमध्ये जॉर्ज फ्लॉइडच्या मृत्यूनंतर शिक्षकांसाठी विविधतेविषयीच्या साहित्याची यादी तयार झाली होती. ती शाळामंडळाने २०२० च्या अखेरीस गोठवली. तिच्यात रोझा पार्क्स यांच्यावरचे मुलांचे पुस्तक होते, मलाला यांचेही होते. सप्टेंबर २०२१ मध्ये पँथर अँटीरेसिस्ट युनियन या विद्यार्थ्यांच्या गटाने रोज शाळा भरण्यापूर्वी दाराशी फलक घेऊन उभे राहायला सुरुवात केली आणि त्याच महिन्यात मंडळाने निर्णय मागे घेतला. पालकांच्या हक्कांवर एवढे बोलले जाते, पण ज्यांच्या नावाने हे चालते त्या मुलांना कोणी विचारले तर ती बऱ्यापैकी नीट उत्तर देतात, असा माझा अनुभव आहे.

मुळामुठा

‘कास्ट’ हे पुस्तक टेक्सासच्या कपाटातून काढले गेले, हे वाचून मराठी माणसाने इथे थांबायला हवे. अमेरिकेतील वंशव्यवस्थेची तुलना भारतीय जातिव्यवस्थेशी करणाऱ्या या ग्रंथात बाबासाहेब आंबेडकर ठिकठिकाणी येतात. ही तुलना आपल्याला परकी नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केले ते निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील लोकांना. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी कृष्णवर्णीय अमेरिकी विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉईस यांना पत्र लिहिले आणि डू बॉईस यांनी उत्तर पाठवले. ओसरीताईंच्या समितीपुढच्या पुस्तकात जे डू बॉईस आहेत, तेच हे. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा तिने नाव घेतले ते अमेरिकेतील ब्लॅक पँथर पक्षावरून.

परंतु मला दुसरीही बाजू मांडायची आहे, कारण आपण इथे अमेरिकेला नावे ठेवत बसू. महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांच्या समग्र लेखनाचा चौथा खंड १९८७ मध्ये काढला. त्यातील राम आणि कृष्णावरच्या परिशिष्टावरून केवढे वादळ उठले! ते वगळण्याची मागणी झाली, मोर्चे निघाले, प्रतिमोर्चे निघाले आणि शेवटी या मतांशी शासन सहमत आहेच असे नाही, अशी टीप घालून मजकूर राहिला. तेव्हाही शब्द ‘भावना दुखावणे’ हाच होता. ओसरीताईंच्या अर्जावरचा निळ्या शाईतला शब्द त्याचाच भाऊ.

२०१२ मध्ये पारडे उलटे झाले. अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात शंकर यांचे १९४९ चे व्यंगचित्र होते. त्यात बाबासाहेब गोगलगायीवर बसलेले आहेत आणि नेहरू आसूड घेऊन मागे उभे आहेत. संसदेत आक्षेप घेतला गेला, चित्र वगळले गेले, सल्लागार सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव यांनी राजीनामे दिले आणि पळशीकरांच्या पुण्यातील कार्यालयाची मोडतोड झाली. त्या वेळी अस्वस्थता दलित विद्यार्थ्यांची होती आणि ती खोटी होती असे मी मुळीच म्हणणार नाही. ज्यांनी १९८८ मध्ये मजकूर राहावा म्हणून मोर्चा काढला, त्यांच्यापैकी अनेक जण २०१२ मध्ये चित्र जावे या बाजूला होते. मला दोन्ही वेळा एकच भूमिका घेता आली नाही, हे मी कबूल करतो.

नावात_काय

मुळामुठा, या प्रतिसादाबद्दल आभार, कारण माझा मुद्दा तुम्ही माझ्यापेक्षा चांगला मांडलात. अमेरिकेतही असेच दोन्ही बाजूंनी होते. जानेवारी २०२२ मध्ये वॉशिंग्टन राज्यातील मुकिल्टिओ डिस्ट्रिक्टने ‘टु किल अ मॉकिंगबर्ड’ हे नववीच्या सक्तीच्या वाचनातून काढले. ती मागणी शिक्षकांची होती आणि कारण वंशवादविरोधाचेच होते: कादंबरीत कृष्णवर्णीयांसाठी वापरलेली शिवी, आणि गोऱ्या वकिलाला तारणहार म्हणून दाखवणे. मग ती अस्वस्थता चालते आणि ही चालत नाही, हे कोण ठरवणार?

कोर्टकचेरी

सक्तीच्या यादीतून काढणे आणि ग्रंथालयातून काढणे यांत फरक आहे. मुकिल्टिओमध्ये ज्या शिक्षकाला ती कादंबरी शिकवायची असेल त्याला मुभा ठेवली होती. वर आपणच मापे वेगळी ठेवा म्हणालात, तोच नियम इथे लावा. बाकी आपला शेवटचा प्रश्न खरा आहे, आणि त्याचे एक उत्तर धक्कादायक आहे. वॉशिंग्टन पोस्टने २०२१-२२ मधील तक्रारींची छाननी केली, तेव्हा साठ टक्के तक्रारी अवघ्या अकरा जणांनी केलेल्या निघाल्या. म्हणजे ‘पालक’ या शब्दाने आपण ज्या समूहाची कल्पना करतो, तो तिथे नव्हता. फ्लोरिडातील मायामी लेक्समध्ये २०२३ साली अमँडा गोरमन यांची कविता एका पालकाच्या तक्रारीवरून प्राथमिकच्या मुलांपासून दूर, वरच्या इयत्तांच्या कपाटात गेली. त्या अर्जावर कवयित्रीच्या जागी ओप्रा विन्फ्री यांचे नाव होते.

ओसरी

सर्वांचे आभार. आता निकाल सांगते.

हायस्कूलच्या ग्रंथालयात पुस्तक ठेवावे, यासाठी सात विरुद्ध दोन मते पडली. सहावी ते आठवीच्या मिडल स्कूलमधून मात्र पाच विरुद्ध चार मतांनी ते काढले गेले. त्या पाचांत माझे मत होते.

मी असे का केले हे विचारले जाईल, म्हणून आधीच लिहिते. माझे कारण अस्वस्थता हे नव्हते. पुस्तक बारा वर्षांपासून पुढच्या मुलांसाठी आहे आणि रेनॉल्ड्स यांची बोलकी, टाळी मागणारी शैली मला स्वतःला आवडली. पण तीन गटांची ती विभागणी इतकी झटपट लागू होते की गुलामगिरीविरुद्ध आयुष्यभर लढलेले गॅरिसनही काही पानांत दुसऱ्या गटात जाऊन बसतात आणि वाचणारे मूल त्यांना नापास करून मोकळे होते. नववीतली माझी मुलगी त्यावर माझ्याशी तासभर भांडली, डू बॉईस यांची बाजू घेऊन. सहावीतले मूल भांडेल की पाठ करेल, याची मला खात्री वाटेना. आमच्या समितीतील एक ग्रंथपाल बैठकीनंतर मला म्हणाल्या की सहावीतल्या मुलांबद्दल तुमचा अंदाज चुकतो आहे, मी त्यांना रोज पाहते. कदाचित त्यांचेच बरोबर असेल.

नावात_काय, आपण पेन अमेरिकेच्या मोजणीवर आक्षेप घेतलात. तक्रारीनंतर एखाद्या इयत्तेपासून पुस्तक दूर केले तर त्यांच्या व्याख्येत ती बंदीच धरली जाते. म्हणजे पुढच्या आकड्यात एक भर माझीही असेल, आणि आता मला ती मोजणी तुमच्याइतकी चुकीची वाटत नाही.

जुनी_पानं

ताई, एकच विचारतो. मिडल स्कूलच्या प्रतींपुढे नोंद काय पडली?

ओसरी

चार प्रती होत्या. मी मुद्दाम ग्रंथपालांच्या शेजारी उभी राहून पाहिले. संगणकावर निवडायला तीन पर्याय होते: हरवले, खराब झाले, हस्तांतरित. त्यांनी चारही प्रतींपुढे ‘हस्तांतरित’ निवडले आणि पुस्तके हायस्कूलकडे जाणाऱ्या खोक्यात ठेवली. तक्रारीमुळे काढले, असा पर्याय त्या यादीत नाही.